तिसरं पेडल



ऑटोमॅटिक गाडीत पायाशी दोनच पेडल असतात. एक ब्रेक, दुसरं अ‍ॅक्सिलरेटर. डाव्या पायाला सुट्टी. आज आपण बोलणार आहोत ते अशा गाडीत तिसरं पेडल बसवण्याबद्दल. म्हणजे जुन्या जर्मन गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून तिथे क्लच आणि हाताने टाकायचा गिअर आणण्याबद्दल.

"हा तर मेकॅनिकचा विषय, आमचा काय संबंध?" असं म्हणून पुढे जाऊ नका. तुमच्या घरात, सोसायटीत किंवा मामाच्या अंगणात एखादी पंचवीस-तीस वर्षांची मर्सिडीज, नाहीतर पंधरा वर्षांची जेटा उभी असेल, तर आज ना उद्या गॅरेजमधून एक वाक्य ऐकू येणारच: "गिअरबॉक्स गेलाय. दुरुस्तीला पैसा घालण्यापेक्षा मॅन्युअल टाकून देऊ, कटकट संपेल." ऐकायला सोपं वाटतं. पण त्याला हो म्हणण्याआधी काय काय बघायचं, ते आज सांगते.

आधी गाडीची ओळख

जर्मन गाडी म्हटली की ती बोटीतून आली असेल असं वाटतं. पण आपल्याकडच्या कितीतरी जुन्या जर्मन गाड्या महाराष्ट्रात जोडल्या गेल्या आहेत. मर्सिडीज-बेंझ कंपनी १९९४ मध्ये भारतात आली आणि १९९५ मध्ये पुण्याजवळ, टेल्कोच्या आवारात, तिची पहिली भारतीय गाडी तयार झाली. ती होती ई २२०. शौकीन लोक तिला तिच्या कारखान्यातल्या नावाने, डब्ल्यू १२४ म्हणून ओळखतात. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना पुढे २००९ मध्ये सुरू झाला. फोक्सवॅगनची जेटा आणि पसाट यांची जोडणी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शेंद्र्याच्या कारखान्यात होत असे.

हे सांगण्याचं कारण आहे. ई २२० आपल्याकडे ऑटोमॅटिकमध्ये मिळायची तशी पाच गिअरच्या मॅन्युअलमध्येही मिळायची. जेटाचंही तसंच. म्हणजे तुमच्या ऑटोमॅटिक गाडीची सख्खी मॅन्युअल बहीण याच देशात कुठेतरी आहे, आणि तिचे सुटे भाग मिळण्याची शक्यता आहे. ज्या गाडीची मॅन्युअल आवृत्ती भारतात कधी विकलीच गेली नाही, तिचे भाग बाहेरून मागवावे लागतात. मग वेळ, पैसा आणि डोकेदुखी, तिन्ही वाढतात. म्हणून गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: हेच मॉडेल, हेच इंजिन, मॅन्युअलमध्ये आपल्याकडे आलं होतं का?

खरंच गेलाय का?

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. गिअरबॉक्स गेलाय हे कोणी आणि कसं ठरवलं?

बहुतेक जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेला बंद डबा समजा. इंजिन तेल घुसळतं आणि ते तेल गिअरबॉक्सला फिरवतं. सिग्नलला गाडी 'डी'मध्ये उभी असते तेव्हाही हे घुसळणं चालूच असतं आणि तेल तापत राहतं. नवरंग सर्कलपासून कॉर्ड रोडपर्यंत संध्याकाळी सात वाजता एकदा जाऊन बघा, म्हणजे त्या तेलावर काय बेतत असेल ते कळेल. वर्षानुवर्षं तेल बदललं नाही की ते काळं पडतं, त्याला जळका वास येतो आणि आतल्या क्लच प्लेट्स घसरायला लागतात.

पण गिअर नीट पडत नाही याचा अर्थ दर वेळी बॉक्स मेला असा होत नाही. जुन्या ई २२० चं उदाहरण घ्या. तिच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला इंजिनवर किती भार आहे हे एका व्हॅक्यूमच्या नळीतून कळतं. ती रबरी नळी तडकली, तर गिअर धक्क्याने किंवा उशिरा पडतात. बॉक्स धडधाकट, दोष नळीचा! आणखी एक गंमत: या गाड्या हळू सुटताना बहुधा दुसऱ्या गिअरवरच सुटतात, पहिला पडतो तो अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर. ज्याला हे माहीत नाही तो म्हणतो, "पहिला गिअर गेलाय." तो गेलेला नसतो, जर्मनीतून तसाच आलेला असतो.

रेडिएटरही बघून घ्या. बऱ्याच गाड्यांत गिअरचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आतून फुटली की पाणी आणि तेल एक होतं. झाकण उघडल्यावर पाणी गुलाबीसर लस्सीसारखं दिसलं तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका. तशीच नवा बॉक्स घातलात, तर तोही त्याच वाटेने जाईल.

थोडक्यात, तेलाची पातळी, रंग आणि वास, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि रेडिएटर एवढं तपासल्याशिवाय बॉक्स उतरवायला परवानगी देऊ नका. शक्य असेल तर ही तपासणी दुसऱ्या गॅरेजमध्ये करून घ्या.

बॉक्स एकटा येत नाही

समजा, बॉक्स खरंच गेला आणि मॅन्युअल टाकायचं ठरलं. आता काय काय बदलतं?

आपल्याला वाटतं, एक बॉक्स काढला, दुसरा लावला. पण नवीन सून घरी येते तेव्हा घराचं वेळापत्रक बदलतं, तसं इथे होतं. पायाशी क्लचचं पेडल हवं, म्हणून अख्खी पेडलची चौकट बदलते. ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल जाऊन अरुंद पेडल येतं. क्लच दाबल्यावर जोर पुढे पोहोचवायला एक मास्टर सिलिंडर, खाली एक स्लेव्ह सिलिंडर आणि त्यांच्यामध्ये नळी लागते.

इंजिनच्या मागच्या तोंडाला ऑटोमॅटिकमध्ये एक पातळ पत्र्यासारखी चकती असते. मॅन्युअलला तिथे जड फ्लायव्हील लागतं, त्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. इंजिनच्या क्रँकच्या टोकाला एक छोटंसं पायलट बेअरिंगही बसवावं लागतं. हे बेअरिंग विसरलेली कामं मागाहून आवाज करतात आणि मग सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं. फ्लायव्हीलचा तोल नीट साधला नसेल तर गाडी उभ्या उभ्या थरथरते. राजाजीनगरच्या औद्योगिक भागात आणि पुढे पीण्यापर्यंत लेथवाल्यांना तोटा नाही, त्यामुळे ही कामं इथे होऊ शकतात. पण ती करायची असतात हे गॅरेजवाल्याला ठाऊक हवं.

मग प्रॉपेलर शाफ्ट. दोन्ही बॉक्सची लांबी सारखी नसेल तर मागच्या चाकांकडे जाणारा हा दांडाही बदलतो. बॉक्सला खालून धरणारी पट्टी, गिअरची दांडी, तिचे जोड, रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच, हे सगळं वेगळं. मागच्या डिफरन्शियलचे दात ऑटोमॅटिकच्या हिशोबाने असतील तर तेही तपासायचं. या मर्सिडीजच्या ऑटोमॅटिकचा चौथा गिअर एकास एक असतो, मॅन्युअलचा पाचवा त्याहून उंच. जोडी जमली तर हायवेला इंजिन शांत राहतं. नाही जमली तर पाचव्यात गाडी चढावर धापा टाकते.

नव्या गाड्यांत याच्या भरीला कॉम्प्युटर आला. इंजिनचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला हाका मारत बसतो, उत्तर आलं नाही की डॅशबोर्डवर दिवे लावतो आणि काही गाड्यांत वेगच कमी करतो. त्याला "आता ही मॅन्युअल गाडी आहे" असं कोडिंग करून समजवावं लागतं. म्हणून या कामासाठी तीस वर्षांची गाडी पंधरा वर्षांच्या गाडीपेक्षा सोपी.

यातून एक शहाणपणाचा नियम निघतो. सुटे सुटे भाग गोळा करू नका. त्याच मॉडेलची, मोडीत निघालेली एक अख्खी मॅन्युअल गाडी मिळवा. तिच्यातला शेवटचा स्क्रूसुद्धा उपयोगी पडतो. बेंगळुरूत लोक जे. सी. रोड आणि शिवाजीनगर धुंडाळतात, मुंबईत कुर्ला. पण 'बॉक्स मिळाला, बाकीचं बघू' म्हणत सुरू केलेली कामं महिनोन् महिने गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खातात. 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' हे बेंगळुरूचं आवडतं वाक्य बसमध्ये ठीक, क्लचच्या कामात नको.

'पी' गेला की काय जातं

आता सुरक्षिततेचं बोलू, कारण घाईच्या कामात सगळ्यात आधी यालाच फाटा मिळतो.

ऑटोमॅटिक गाडी 'पी' किंवा 'एन'मध्ये असल्याशिवाय स्टार्ट होत नाही. त्यासाठी एक स्विच असतो. ऑटोमॅटिक बॉक्स काढला की तो स्विचही जातो आणि गाडी चावीला दाद देत नाही. मग सोपा उपाय म्हणून दोन वायरी जोडून टाकतात. गाडी सुरू होते, सगळे खूश. पण आता ती गिअरमध्ये असतानाही सुरू होते! कोणी बाहेर उभं राहून नुसती चावी फिरवली तर गाडी पुढे उडी मारते. समोर भिंत असेल तर बंपर गेला. समोर नातवंड असेल तर? म्हणून क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होणार नाही असा स्विच बसवून घ्या. काम छोटं आहे, पण मागितल्याशिवाय बहुधा होत नाही.

दुसरं, 'पी'मध्ये बॉक्सच्या आत एक खुंटी चाकांना अडवून धरते. मॅन्युअलमध्ये ती नाही. आता उतारावर गाडी धरायची ती पार्किंग ब्रेकने आणि गिअरमध्ये ठेवून. पण वर्षानुवर्षं 'पी'वर विसंबून राहिलेल्या गाडीचा पार्किंग ब्रेक बहुधा नावापुरताच उरलेला असतो. त्यातून अनेक जुन्या मर्सिडीजमध्ये हा ब्रेक हाताने ओढायचा नसतो, पायाने दाबायचा असतो. चढावर गाडी सोडताना उजवा पाय ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर, डावा क्लचवर, आणि पार्किंग ब्रेक सोडायची दांडी हातात. ही कसरत सवयीने जमते, पण मल्लेश्वरमच्या चढावर पहिल्याच दिवशी करायला जाऊ नका.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही, असं ते सांगतं. केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट ठासून सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, आसनं असे तपशील असतात. गिअर कुठला, हे सहसा लिहिलेलं नसतं. म्हणून काही जण म्हणतात, "कोणाला कळणार आहे?" असा सल्ला देणारा अपघातानंतर तुमच्या बाजूला उभा राहणार नाही. आपल्या आरटीओला अर्ज देऊन लेखी विचारा. राजाजीनगरकरांना तर लांब जायलाही नको, केए-०२ पाटीचं बेंगळुरू पश्चिमचं आरटीओ इथलंच. त्याच मॉडेलचा, त्याच कंपनीचा बॉक्स आहे हे दाखवायला जुन्या गाडीची कागदपत्रं आणि बिलं जपून ठेवा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. गाडीत मोठा बदल करून तो लपवला तर दावा अडकू शकतो.

नोंदणीचाही हिशोब मांडा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ६०० वरून ५,००० रुपये झालं होतं. नूतनीकरण वर्षभरावर आलं असेल, तर आधी गाडी तपासणीत पास होईल का ते बघा, मग बॉक्सला हात लावा.

आणि शेवटचा प्रश्न, जो पहिला विचारायला हवा

आमच्या राजाजीनगरमध्ये, दोन गल्ल्या सोडून, मूळचे बेळगावचे एक काका-काकू राहतात. त्यांच्याकडे अशीच पुण्यात जोडलेली ई २२० आहे, ऑटोमॅटिक. गिअर घसरायला लागले. पहिल्या गॅरेजने न उघडताच मॅन्युअल सुचवलं. दुसऱ्या मेस्त्रींनी नळ्या तपासल्या, त्या ठीक होत्या. तेल मात्र काळं आणि जळकं. म्हणजे बॉक्स उघडणं भागच होतं.

त्यांच्या मुलाला आनंदच झाला. तो पुण्यात असतो, गाड्यांचा वेडा. त्याने आठवड्यात एक मोडीत निघालेली मॅन्युअल ई २२० शोधून काढली. हिशोबही बरोबर होता. मॅन्युअल बॉक्स साधा, टिकाऊ, कुठलाही चांगला मेकॅनिक उघडू शकतो. आयुष्यभराची चिंता मिटली असती. काकाही तयार झाले.

काकू स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. त्यांचा डावा गुडघा दुखरा आहे, जिना एकेक पायरी करत उतरतात. पण गाडी चालवतात. काकांना मोतीबिंदूनंतर रात्री चालवायला नको वाटतं, तेव्हापासून रात्रीची गाडी त्यांचीच. त्या बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "गाडी घरात राहील रे, पण माझ्या हातातून जाईल."

कोणाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. बॉक्स, शाफ्ट, फ्लायव्हील, सगळ्याची यादी झाली होती. त्या यादीत डावा गुडघा नव्हता.

शेवटी त्यांनी ऑटोमॅटिकच दुरुस्त करून घेतला. क्लच प्लेट्स आणि सील बदलले, तेल कूलरच्या नळ्यांसकट धुऊन नवं भरलं. गाडी सात आठवडे गॅरेजमध्ये होती, तोवर काकू मेट्रोने फिरल्या. आता गाडी चालते आहे. अजून किती वर्षं, हे कोणी लिहून देत नाही. मुलगा अधूनमधून म्हणतो, "मॅन्युअल टाकलं असतं तर..." तोही चुकीचं बोलत नाही.

त्याचं म्हणणं कुठे लागू पडतं, तेही सांगते. घरात चालवणाऱ्या सगळ्यांचे पाय धड आहेत, गाडी रोजच्या ट्रॅफिकऐवजी रविवारी सकाळी निघते, त्याच मॉडेलची अख्खी मॅन्युअल गाडी हाताशी आहे, असं काम आधी केलेला मेकॅनिक आहे आणि आरटीओचं उत्तर कागदावर आहे. एवढं जमलं तर खुशाल करा. हाताने गिअर टाकत जुनी मर्सिडीज तुमकुर रोडने बाहेर काढण्यात जी मजा आहे, ती नाकारून कसं चालेल? मात्र यातली एकही गोष्ट अडत असेल तर तिथेच थांबा.

म्हणून गॅरेजला हो म्हणण्याआधी घरात एक छोटी बैठक घ्या. या गाडीने रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण कोणाला नेतं, बाजाराला कोण जातं, नातवाला शाळेतून कोण आणतं, हे मोजा. जी व्यक्ती सगळ्यात कमी बोलते, तिला सगळ्यात आधी विचारा. कारण गिअरबॉक्स बदलला की घरात गाडी कोण चालवणार, हेही बदलतं.

पुढच्या वेळी बोलू उभ्या गाडीबद्दल: महिनाभर गाडी हलली नाही तर बॅटरी, टायर आणि ब्रेक यांचं काय होतं, आणि गावाला जाण्याआधी काय करून ठेवायचं. तोपर्यंत तुमची गाडी 'पी'मध्ये असो की पहिल्या गिअरमध्ये, पार्किंग ब्रेक मात्र ओढायला विसरू नका!